गफूरचाचांची गल्ली

हे आजवर कुणाला सांगितलं नाही — आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगून राहिले, देव जाणे.

लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, तेव्हा मी एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाईप करायची. दुपारी बॅच सुटली की सगळं पेंगुळायचं — पंखा, खुर्च्या, मीसुद्धा. अन् गेटवरचे वॉचमन गफूरचाचा चपला बाहेर काढून माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायचे.

चाचा आधी पोस्टमन. गाव भूकंपात गेलं. त्या रात्री ते औशाला होते म्हणून वाचले. नव्या गावात घरं सरळ रांगेत. चाचांना जुनी गल्ली लिहून ठेवायची होती — कुणाशेजारी कोण, दार कुठल्या बाजूला. कीबोर्डच्या कळांवर मी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून दिल्या होत्या. एका बोटानं टाईप करायचे, मधेच डोळे मिटायचे, नाव पुटपुटायचे, हसायचे. मलाही त्या गल्लीतून चालल्यासारखं वाटायचं, शपथ!

"सेव्ह कसं करायचं, बेटी?"

"राहू द्या चाचा, मी करते."

केलं का? पहिल्या दिवशी विसरले. मग — मशीन तर बंद होत नाही, इन्व्हर्टर आहे, काय घाई? पाच दुपारी तशाच गेल्या.

सहाव्या दिवशी फिजिक्सचा पेपर तातडीनं हवा, अन् मशीन पार अडलेलं. मेमरी भरली होती. काय काय चालू आहे ते उघडून बघितलं — पेपर, चाचांची फाईल, अन् एका मुलाशी चाललेलं माझं चॅटिंग. सगळ्यात जास्त मेमरी चॅटिंगच खात होतं. दिसत होतं मला! पण पलीकडून तो काहीतरी लिहीत होता... कसं बंद करू?

मी चाचांची फाईल बंद केली. सेव्ह न केलेलं जाईल, चालेल का, असं मशीननं विचारलंसुद्धा. मी हो म्हटलं. विसरून नाही हो — सगळं आठवत होतं.

चाचा आले. "लाईट गेली चाचा, इन्व्हर्टरनंही दगा दिला," मी म्हटलं. आपल्याकडं या वाक्याला पुरावा कोण मागतं?

"जाऊ दे बेटी. लाईटीचं काय, कुणाच्या हातात हाय? रडू नको." मी खरंच रडत होते. त्यांनी पाणी आणून दिलं. मी प्याले.

ते पुन्हा बसले. डोळे मिटले. तिसऱ्या घरापाशी अडले — दार आठवे, माणूस आठवेना. चार दुपारी बसले, मग यायचे बंद झाले.

चॅटिंगवरच्या त्या मुलाशीच माझं लग्न झालं. चाचा नांदेडला लग्नाला आले, नवा शर्ट घालून. आहेर हातात देऊन माझ्या नव्या घराची चौकशी करत बसले — शेजारी कोण, दार कुठल्या बाजूला. मी सगळं सांगितलं. हे सोडून.