चौदा किलोचं पोर

तुम्ही हसणार, हे ठाऊक आहे. मीही हसायचो. कुणाला काही 'दिसलं' म्हटलं, की मी आधी विचारायचो – जेवून निघाला होतास ना? फार्मसीचा डिप्लोमा करून आलेला माणूस मी... आकडा बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. आणि नेमक्या आकड्यानेच माझा घात केला.

१९८५च्या आसपासची गोष्ट. राजापूरच्या बाजारपेठेतल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. भाद्रपद, दुपारचे बारा. एक आजी दहा महिन्यांचा नातू घेऊन आली. सून घरी तापाने पडलेली, पोरालाही तोच हिवताप. डॉक्टरांनी चिठ्ठीवर क्लोरोक्विन लिहिलं – किलोमागे दहा मिलिग्रॅम, वजन करून पहिला डोस इथेच पाजा – आणि ते व्हिजिटला निघून गेले. सिरपच्या एका मिलीत दहा मिलिग्रॅम. म्हणजे जितके किलो, तितके मिली. यात चुकायला जागाच नाही!

पोर काट्यावर एकटं बसेना. मग नेहमीची रीत – कडेवर घेऊन आपण उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. मी बासष्ट. पोरासकट शहात्तर. चौदा किलो! चौदा मिली मापात ओतलंसुद्धा. मग पोराच्या काटकुळ्या पायांकडे लक्ष गेलं आणि माप खाली ठेवलं. हे औषध जास्त झालं, तर तान्ह्याचं हृदय बंद पडू शकतं.

पुन्हा केलं. शहात्तर. एकटा – बासष्ट. शेजारच्या वाण्याकडून पाच किलोचं वजन आणून ठेवलं, बरोब्बर पाच. पोराला घेतलं, की परत शहात्तर!  हाताला तर पोर काहीच लागत नव्हतं.

आजी बाकावर शांत बसली होती. म्हणाली, "भाऊ, आमचे ह्ये असतील."

"हे कोण?"

"ह्याचा आजा. शिमग्यात वारले. पन जिते होते तवा नातवाला सोडून कदी ऱ्हायले नाय, आता काय ऱ्हातायत!"

काट्यावरूनच मी तिला चार शब्द सुनावणार, इतक्यात ती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघत खेकसली, "अवो, उतरा बगू खाली! औषद पोराला द्यायचाय, तुमाला नाय!"

काटा थरथरला... आणि सत्तरवर आला. मी हललो नव्हतो. श्वाससुद्धा घेतला नव्हता.

आठ किलो. जास्तीचं ओतून टाकलं आणि मोजून आठ मिली पाजलं. कडू म्हणून पोराने दवाखाना डोक्यावर घेतला, पण गिळलं. चार दिवसांत खणखणीत बरं झालं.

स्प्रिंग अडकली म्हणावं, तर मी एकटा असताना का नाही अडकली? डॉक्टर म्हणाले, "तुझंच डोकं तपासून घे." चाळीस वर्षं झाली, मला काही उत्तर सापडलेलं नाही. 

निघताना आजी दारात थांबली. "भाऊ, ह्यांचं वजन किती भरलं वो?"

"सहा किलो."

तिचा चेहरा पडला. "सहाच? चांगला धडधाकट मानूस होता... तिकडं जेवनाखान्याचे हाल दिसतायत."

यावर मी, सायन्सचा माणूस, काय बोललो असेन?

"काळजी करू नका आजी. आमचा काटा जरा कमीच दाखवतो."