रेघेवरची जागा

नावाडी रामलाल बुऱ्हाणपुरात, लालबागला आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच मी काय ते समजलो. एरवी तो घाट सोडून गावात येत नसे. "भैया, मास्तरीणबाई गेल्या," एवढंच म्हणाला आणि ओट्यावर टेकला. माझी गोदाआत्या... तिला जाऊन आता महिना होत आला.

आत्या जैनाबादला राहायची आणि तापी ओलांडून बुऱ्हाणपुरात मुलींच्या शाळेत शिकवायला यायची. त्याच नावेतून तिकडच्या मुलीही शाळेत येत. नावेच्या पुढच्या अर्ध्या भागात गालिचा असे, तो मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या माणसांसाठी, साहेबांसाठी आणि मास्तरीण म्हणून आत्यासाठी. मागे उघड्या फळ्या. महारवाड्यातल्या, मजुरांच्या घरच्या मुली तिथे बसत आणि ओल्या परकरांनी वर्गात शिरत. संस्थानं विलीन होत होती, देश एक झाला म्हणून आम्ही चौकात पत्रकं वाटत होतो आणि या एवढ्याशा नावेत दोन देश होते.

गालिचा झिजून खालच्या फळ्या दिसू लागल्या, तेव्हा नावेच्या ठेकेदाराने नवा करून आणायचं काम आत्यावर टाकलं. मी म्हणालो, नवा कशाला? जुनाही तापीत टाक, बसू देत सगळ्यांना फळ्यांवर. ती हसली. "तुझ्या समतेत सगळ्यांचेच परकर ओले होणार की रे." तिने विणकर करीमचाचांना सबंध नावेला पुरेल अशी सतरंजी सांगितली.

सतरंजी आली. निळी, एकसंध आणि मधोमध आडवी लाल रेघ... बरोबर जिथे जुना गालिचा संपायचा तिथे. चाचांनी ती आपणहून घातली होती. "बाई, हद तर पाहिजेच ना," ते म्हणाले. त्यात काही चुकलं असं त्यांना वाटतच नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी मागच्या मुली, कोणी न सांगता, रेघेच्या मागे बसल्या.

मीही त्या दिवशी नावेत होतो, संतापलो. कापून दोन तुकडे जोडा, रेघ काढून टाका, म्हणालो. आत्या पुढची जागा सोडून उठली आणि पिशवी मांडीवर घेऊन सरळ रेघेवर बसली. "या गं जवळ, पाढे म्हणायचेत." मुली तिला दोन्हीकडून खेटून बसल्या, परकरांखाली रेघ दिसेनाशी झाली. मालगुजाराचे दिवाणजी काही दिवस नावेत उभेच राहिले. आत्या रोज म्हणायची, दिवाणजी, नाव डुलते, बसा. शेवटी पाय भरून आले तेव्हा बसले, आपण कुठे बसलो ते न पाहिल्यासारखं करून.

ती रेघ कापायलाच हवी होती, असं मला आजही वाटतं. आमचा तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

परवा आत्याच्या घरी जायला नावेत चढलो. नाव भरलेली होती, फक्त तिची जागा लोकांनी आदराने मोकळी सोडलेली. रामलालने तिथे झेंडूची फुलं ठेवली होती. तिच्या बसण्याने वीण मऊ पडली होती, पण रेघ अजून लालच होती, स्वच्छ दिसत होती... आणि मुली पुन्हा रेघेच्या मागे सरकल्या होत्या.

"भैया, तिथं नका बसू, बाईंची जागा आहे," रामलाल म्हणाला.

मी फुलं उचलून तापीत सोडली आणि रेघेवर मांडी घातली. पाढे कुठवर आले होते, म्हणून मुलींना विचारलं. मग मागची एक जण सरकत माझ्या शेजारी आली.

"एकोणिसापर्यंत," ती म्हणाली.