छा आणि छाय

आयर्लंडमधल्या आमच्या नास गावाहून टॅक्सी विमानतळाकडे निघाली तेव्हा आई स्वेटर घालून दारात उभी होती. "चीनमदनं काय आनू नगंस," ती म्हणाली. "येळंवर ये म्हंजे झालं. माजं परतीचं तिकीट जवळ आलंय." मी हात हलवला. तिकिटाबद्दल काहीच बोललो नाही.

का बोललो नाही ते आधीच सांगतो. पुढे चीनमधल्या चेंगदू शहराला मी बरीच नावं ठेवणार आहे. ठेवणारा कोण आहे हे वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं. कोथरूडच्या सोसायटीतला आईबाबांचा दोन खोल्यांचा ब्लॉक बाबांनंतर माझ्या नावावर झाला. सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली. आई म्हणाली, "मी हाय तवर न्हाई." मी आयर्लंडमधूनच संमतीपत्रावर सही करून पाठवली आणि आईला तीन महिने इकडे फिरायला बोलावून घेतलं. ती आली, आणि आठवड्याभरात तिकडे इमारत पाडली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझी बायको मेधा रोज म्हणायची, "अरे, सांगून टाक." मी रोज म्हणायचो, "बघू." तेवढ्यात कंपनीने दोन आठवडे चीनला पाठवलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

आमची कंपनी पॅकिंगच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर करते. चेंगदूच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायची होती. सोबत डंडॉक गावचा सहकारी डेक्लन होता. हा माणूस जगातल्या प्रत्येक गोष्टीला 'ग्रँड' म्हणतो. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही, नुसतं 'ठीक'. पाय मोडला तरी ग्रँड, लॉटरी लागली तरी ग्रँड.

विमानतळावरून शहरात शिरताना पहिल्यांदा दिसल्या त्या इमारती. चाळीस-चाळीस मजल्यांच्या, एकसारख्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. प्रत्येक चौकात एक पांडा. कचरापेटीवर पांडा, बसवर पांडा, नूडल्सच्या पाकिटावर पांडा. त्या बिचाऱ्या प्राण्याला बांबू खाण्याशिवाय काही येत नाही, आणि एवढ्या मोठ्या शहराची अब्रू त्याच्या डोक्यावर.

हॉटेलात पाण्याची बाटली मागवली तर ती घेऊन एक यंत्र लिफ्टने वर आलं. दाराशी थांबून लहान मुलाच्या आवाजात काहीतरी बोललं. मी बाटली काढून घेतली आणि सवयीने त्याला "थँक यू" म्हणालो. डेक्लन समोरच्या खोलीतून बघत होता.

"टिप दे त्याला," तो म्हणाला.

खाली दुकानात बिस्किटं घेऊन नोट पुढे केली, तर गल्ल्यावरची बाई त्या नोटेकडे अशी बघायला लागली की मी जणू तिच्या हातात अनोळखी माणसाच्या लग्नाची पत्रिका ठेवलीय. इथे सगळं फोनवर. फोन नसेल तर माणूस उपाशी मरेल, आणि मेल्याची नोंद करायलाही फोन लागेल.

कारखान्याच्या बाजूने आमची व्यवस्था बघायला झोऊ नावाचा इंजिनिअर होता. माझ्याच वयाचा, पन्नाशीचा, जाड चष्मा, इंग्रजी मोजकं पण चोख. तो स्वतः गाडी चालवायचा आणि रस्ता सांगताना नेहमी नसलेल्या गोष्टींवरून सांगायचा.

"जिथे भाजीबाजार होता, तिथून डावीकडे. मग जिथे माझी शाळा होती, तिथे तुमचं हॉटेल."

"शाळा कुठे गेली?" डेक्लनने विचारलं.

"हॉटेलखाली," झोऊ म्हणाला, आणि हॉर्न वाजवला.

मला हसू आलं. मनात म्हटलं, काय लोक आहेत! स्वतःची शाळा गाडली गेली आणि हा त्यावरून रस्ता सांगतोय. आमच्या नासला बसथांबा हलवायचा म्हटलं तरी वर्षानुवर्षं हरकती चालतात, तेही मला हास्यास्पदच वाटायचं. पण इथली घाई निर्लज्ज होती. असं मी अगदी ठामपणे डायरीत लिहून ठेवलं. सही करणारा माणूस 'निर्लज्ज' हा शब्द किती सहज लिहितो बघा.

जेवण म्हणजे हॉटपॉट. टेबलाच्या मधोमध लाल तेलाचं उकळतं भांडं, त्यात ज्याने त्याने आपापले तुकडे बुडवायचे. वर ह्वाजियाओ (आपल्या तिरफळाची चुलत बहीण) मूठमूठ टाकलेलं. दुसऱ्या घासाला माझे ओठ बधिर झाले, तिसऱ्याला जीभ कुठे आहे ते कळेना. डेक्लनचा चेहरा बिटासारखा झाला होता.

"कसं आहे?" झोऊने विचारलं.

"ग्रँड," डेक्लन म्हणाला, आणि डोळे पुसले.

जेवणानंतर झोऊ आम्हाला बागेतल्या चहाघरात घेऊन गेला. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे पेले, आणि लांब चिमटे वाजवत फिरणारे, गिऱ्हाइकांचे कान कोरून देणारे लोक. शहरात एवढीच एक जागा मला बरी वाटली, आणि तीही म्हणे लवकरच 'सुधारणार' होते. झोऊने पेला पुढे करून सांगितलं, "छा."

मी चमकलो. माझी आई मूळची कऱ्हाडकडची. चाळीस वर्षं कोथरूडला काढूनही तिची बोली हलली नाही. ती चहाला 'च्या' म्हणते. झोऊला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तुमची आई चिनी बोलते." त्या दिवसापासून आपल्याला इथली भाषा थोडी कळते, असा माझा गोड समज झाला.

त्याच समजुतीने घात केला. कारखान्याच्या रस्त्यावर जुन्या बैठ्या घरांची एक गल्ली लागायची. तिथल्या जवळजवळ प्रत्येक भिंतीवर लाल रंगाने एक अक्षर आणि त्याभोवती गोल. गाडीतून जाताना मी झोऊला विचारलं, "ते काय लिहिलंय?" तो ट्रकला वाट देत होता. मान न वळवता म्हणाला, "छाय."

छाय! म्हणजे चायच की. 'छा'चं हे पाटीवरचं रूप असणार, असं मीच ठरवून टाकलं. एका गल्लीत इतकी चहाची दुकानं, धंदा कळतो का या लोकांना, असंही वाटलं. मराठी कानाला हिंदीचं वळण असलं की असं होतं.

रविवारी सकाळी सुट्टी होती. डेक्लन पांडा बघायला गेला, मी एकटा त्या गल्लीत. निम्मी घरं बंद. एका घरासमोर बुटक्या स्टुलावर एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. तिच्या भिंतीवरही ते लाल अक्षर. मी हसून नमस्कार केला, अक्षराकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हणालो, "छाय! छाय!"

तिच्या हातातली शेंग खाली पडली.

मला वाटलं, उच्चार चुकला. मी पुन्हा म्हटलं, आणि एकच कप हवाय हे कळावं म्हणून एक बोट वर केलं. ती उठली. उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून, आणि ओरडायला लागली. समोरून दोन बायका धावत आल्या. एकीच्या हातात झाडू. मी "सॉरी, सॉरी" करत झोऊला फोन लावला आणि फोन म्हातारीपुढे धरला. ती बराच वेळ बोलली. मग फोन माझ्याकडे आला.

"तुम्ही तिला काय म्हणालात?" झोऊने विचारलं.

"छाय. चहा मागितला."

मग तो सावकाश म्हणाला, "चहा म्हणजे छा. छाय म्हणजे पाडा. ते अक्षर म्हणजे, हे घर पाडायचं आहे. तुम्ही तिला सांगितलंत, पाडा, पाडा, आणि बोट दाखवून, एका दिवसात."

जमीन दुभंगावी असं मला वाटलं. तिथली जमीन तशी तयारही होती.

"तिला म्हणावं, माझी चूक झाली. मी परका माणूस आहे."

फोन पुन्हा तिच्याकडे गेला. ती ऐकत होती, माझ्याकडे बघत होती. तिचे हात चौकटीवरून खाली आले. झाडूवाली हसायला लागली. म्हातारी हसली नाही. तिने फोनमध्ये एक-दोन वाक्यं टाकली आणि फोन मला दिला.

"काय म्हणते?"

"म्हणते," झोऊ म्हणाला, "हा निदान तोंडावर सांगायला आला. बाकीचे मी बाजारात गेले होते तेव्हा येऊन भिंत रंगवून गेले."

मी फोन बंद केला. तिने आतून काचेच्या बरणीत गरम पाणी आणि पत्ती घालून आणली. मी उभ्यानेच प्यायलो. जीभ भाजली तरी थांबलो नाही.

पुढचा आठवडा मी काम केलं, हॉटपॉट खाल्लं. डायरीत मात्र शहराला नावं ठेवायला काही सुचेना.

नासला परत आलो त्या दिवशी मेधा ऑफिसला होती, मुलगी शाळेत. आई खिडकीशी बसून स्वेटरची वीण उसवत होती. मी बॅग ठेवली, तिच्या समोर खुर्ची घेतली आणि सगळं सांगितलं. सही कधी केली, इमारत कधी पाडली, सगळं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर परत 'बघू' म्हणालो असतो.

तिचे हात लोकरीवर तसेच राहिले. "मग आता मी उतरू कुटं?" तिने विचारलं.

"भाड्याची जागा बघितलीय आई. लिफ्ट आहे. नवीन ब्लॉक होईपर्यंतच."

"बगितलीस," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कवा पाडलं म्हनलास? तारीक सांग."

मी सांगितली. ती बोटांवर मोजत राहिली.

"त्या दिशी आपन समुद्राच्या कड्यावर गेलो हुतो न्हवं? माजा फोटू काडलास."

"हो."

"हसत हुते की रं मी त्यात."

मी फोन काढला. म्हणालो, तुला नको असेल तर पुसून टाकतो.

"पुसू नगं. तुज्याकडं असू दे," ती म्हणाली आणि लोकर गुंडाळायला लागली.

ती ठरल्या तारखेलाच गेली. भाड्याच्या जागेत नाही, कऱ्हाडला तिच्या बहिणीकडे. हे तिने मला विचारलं नाही, सांगितलं. तोंडावर. चेंगदूबद्दल मित्र विचारतात, तेव्हा मी पांडा आणि तिरफळाचं सांगतो, ते हसतात. घाई निर्लज्ज असते हे माझं मत अजून आहे. फक्त ते कुठल्या शहराबद्दल आहे, याची मला आता खात्री नाही.

निघताना विमानतळावर मी वाकून आईच्या पाया पडलो होतो. तिने पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.