म्हसोबा आपल्या पायानं आला न्हवता

हे मी कुणाला बोलले न्हाई. मालकाला न्हाई, पोरांना न्हाई. म्हसोबाला ठाऊक हाय — पर त्यो कशाला बोलतोय?

त्या नकाशावाल्या पोरीनं डोकं उठवलं म्हणून तोंड उघडतीया. पुण्याची पोरगी. कुणीबी फुकट बघावा, वापरावा, आसा गावांच्या शिवांचा नकाशा करती म्हणं. पर शीव गावंना तिला. एक हापिस म्हणं तिकडं जा, तिकडचं म्हणं साइटवर बघा, साइट उघडंना. नकाशे मिळाले, तर परत्येकात रेघ निराळी. मग आली डोंगर चढून माझ्याकडं, "आजी, जुन्नर कुठं संपतं नि आंबेगाव कुठं लागतं, तुम्हीच सांगा."

काय सांगू? आन् मलाच का इचारावं?

आमची शीव म्हंजी शेंदूर लावलेला म्हसोबा. वरल्या अंगाला आमची मेंढरं, खालच्या अंगाला सखूची. झरा तिच्याकडं. शिवेपल्याडचं पाणी इचारून घ्यायचं, हा आमचा रिवाज. एका उन्हाळ्यात आमचं पाणी आटलं. सखू न्हाई म्हणाली नसती — तेच बोचतं. पर तवा आमचं भांडान व्हतं, नि मला इचारायचं न्हवतं.

बाजाराच्या दिवशी सगळी खाली गेली. मी पहार घातली. दगूड केवढा, पाटीएवढा. उकरला, ढकलत झऱ्याच्या खाली नेला, रोवला.

सांजच्याला लोकं आली नि — कुणी चोर म्हणालं का? नारळ फोडलं. देव आपल्या पायानं सरकला म्हणं! आरं, खड्डा दिसत व्हता की समोर. देव काय पहार घिऊन फिरतोय? त्या खड्ड्याला बी हळदकुंकू वाहिलं. लई राग आला मला. एकानं तरी धरायचं व्हतं.

सखू इचारायला आली व्हती. भांडान गिळून आली. मी म्हणले, "देवाची मर्जी."

ती नदीवरनं पाणी वाहायला लागली. पुढं मेंढरं इकली तिनं.

तर ही पोरगी म्हसोबावर मोबाइल धरून म्हणती, जुन्या नकाशात रेघ झऱ्याच्या वरनं जाती, त्यो चुकीचा आसंल. सखू काठी टेकून तिथंच उभी. तीच म्हणाली, "चुकीचा न्हाई. मागनं देव सरकला, बाई."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. बोलायचं तर तवाच — न्हाई का?

"व्हय," मी म्हणले. "सरकला."

तिनं मोबाइलात खूण मारली. आता जो उघडंल त्येला झरा माझ्याच अंगाला दिसंल.

सखू म्हसोबाच्या पाया पडली. मग माझ्याकडं वळली, "अक्के, झऱ्याचं घोटभर घिऊ का गं?"

मी तांब्या भरून दिला. ती इचारून प्याली.