दारावरचे काका

माझ्या शिक्षणासाठी आईवडील राबलेच, पण सगळ्यात जास्त उपकार साताऱ्यातल्या एका थिएटरच्या डोअरकीपरचे आहेत. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही.

पायात पॉलिश केलेले फौजी बूट, हातात बॅटरी. झोत ते कुणाच्या तोंडावर मारत नव्हते, पायापुढेच धरत होते.

मी सहावीत होतो. सुट्टीत साताऱ्याला मामाकडे आलो होतो, त्याच्याबरोबर भुताच्या सिनेमाला गेलो. त्यातलं भूत उसाच्या फडातून यायचं आणि मुलांना ओढून न्यायचं. आमचं कडेगावचं घर उसातच. मी उठून बाहेर पळालो.

“काय रं गड्या, टरकलास व्हय?” त्यांनी दारातच विचारलं.

“आवं, आमच्या घराभोवती ऊसच हाय. मी जातो.”

“अर्ध्यातनं गेलास तर भूत तुझ्यासंगं घरी येतंय. पुरतं बघितलंस तर हितंच ऱ्हातंय. चल, मी हाय की उभा.”

सिनेमा संपेपर्यंत ते माझ्या खुर्चीशेजारी उभे राहिले, झोत माझ्या चपलांवर धरून. पडद्यावरच्या मुलांनी शेवटी भुताला फडाबाहेर उन्हात ओढलं. दुसऱ्या दिवशी कडेगावला एस.टी.तून उतरून मी एकटा उसातून घरी चालत गेलो.

पुढे सांगलीला कॉलेजात पहिल्याच वर्षी नापास झालो. बॅग भरून स्टँडवर आलो, कडेगावची गाडी लागली होती, आणि ते बूट आठवले. मी परत फिरलो.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, तेव्हा थिएटरच्या पत्त्यावर पत्र टाकलं:

“दारावरच्या काकांना साष्टांग नमस्कार. मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरात पहिलाच. मधे एकदा दारापर्यंत आलो होतो, पण परत आत गेलो. पुरतं बघितलं. आपला, उसातला मुलगा.”