मांजरवाली यमुनावहिनी

ज्यांच्या वडिलांनी तिला ‘मांजरवाली’ म्हणून हिणवले, ते आज आमच्या ओट्यावर बसून तिला ‘देवमाणूस’ म्हणत आहेत.

काल पहाटे माझ्या भावजय, यमुनावहिनी, गेल्या. सौंसरमधल्या निम्म्या मोबाइलवर त्यांचा फोटो स्टेटस म्हणून लागला आहे. फोटोत मांजर आहे. खाली लिहिले आहे, ‘मूक प्राण्यांची माउली.’

संस्कृत शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून विशेषणाची किंमत मला कळते. हे विशेषण फुकटचे आहे.

राज्यांची पुनर्रचना झाली ते साल छप्पन्न. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कित्येक मास्तर आणि कारकून बदली मागून नागपूरकडे निघाले.

खाटा नेल्या, पाटे-वरवंटे नेले, लोणच्याच्या बरण्या नेल्या.

मांजरी ठेवून गेले.

बिऱ्हाड हलवताना मांजर सोबत नेऊ नये, अशी त्यांची समजूत. ती कोणत्या शास्त्रात आहे, हे मी पुढे पुष्कळ शोधले. आळसाच्या शास्त्रात असावी.

या सुशिक्षितांनी आपापल्या मांजरी पिल्लांसकट टोपल्यांत घातल्या आणि गावच्या गोरक्षणाच्या फाटकाशी सोडल्या. तिथे म्हाताऱ्या गाई सांभाळल्या जात.

गोरक्षणाचे अध्यक्ष एक प्रवचनकार बुवा होते. त्यांनी निवाडा दिला, “हे गोरक्षण आहे, मांजररक्षण नाही. मालक मुंबई राज्यात गेले, मांजरीही तिकडेच जातील.”

म्हणजे कट्ट्यांत, पोत्यांत भरायच्या, बैलबंडीवर टाकायच्या आणि नव्या सीमेपलीकडे रानात ओतायच्या.

त्या संध्याकाळी देवळात बुवांचे कार्तिकाचे प्रवचन होते. विषय, मार्जारकिशोरन्याय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माकडाच्या पिल्लाला आईला घट्ट धरावे लागते. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही. आईच त्याला मानेला धरून उचलते. शरणागताला भगवंत तसाच उचलतो.

 डोळे पुसण्यासाठी बुवांचे उपरणे तयारच असे.

आणि देवळाबाहेर ती बंडी उभी होती. बुवांचा निरोप मिळाला की निघणार होती. कट्ट्यांतून केविलवाणे ओरडणे ऐकू येत होते.

बुवा चिडले. “कोण आहे रे तिकडे? आवाज बंद करा तो!”

बायकांतून वहिनी उठल्या. विशीतली नवी सून, डोक्यावर पदर.

“बुवा, तुमचंच पिल्लू हाय. आता सांगून राहिले होते ना, तेच.”

सभा हसली. बुवा हसले नाहीत.

“सूनबाई, तो दृष्टान्त आहे.”

“दृष्टान्ताले भूक नाही लागत, बुवा. याले लागून राहिली.”

मी सतरा वर्षांची होते, शेजारीच बसले होते. त्यानंतर कितीतरी भाष्ये वाचली. त्या न्यायावर याहून नेमके भाष्य मला कुठे सापडले नाही.

वहिनी बाहेर गेल्या. बंडीवाल्याने विचारले, “कोणतं काढू, बाई?”

“सारेच काढ.”

घरी माझे वडील दारातच उभे होते. सोवळ्यात. बातमी त्यांच्या कानावर आधीच आली होती.

“मांजर या घरात आली, तर देवघरात तुझा हात चालणार नाही. नैवेद्य तुझ्या हातचा नाही.”

वहिनींना नैवेद्य रांधण्याइतका आनंद दुसऱ्या कशाचा नव्हता, हे वडिलांना पुरते ठाऊक होते. नेमके तेच त्यांनी पणाला लावले. कट्टा वहिनींच्या कडेवर हलत होता.

“बरं, मामाजी. देवघर तुमचं. देव माहा बी हाय.”

आणि त्या मागच्या दाराने आत गेल्या.

त्या मांजरी त्यांनी पाळल्या असे कुणी म्हटले की त्या रागवत. “पाळून नाही राहिली. घर भेटेपर्यंत सांभाळून राहिली.” पिल्लू दूध सोडून भात खाऊ लागले की कापूसवाल्यांच्या, संत्रीवाल्यांच्या घरी द्यायचे. कसे? कपाळाला कुंकू लावून, दहीभात भरवून. लेक सासरी पाठवावी तसे.

मोहगावचा एक शेतकरी हसला. “आता तुमी पाह्यले बी येसान का, वहिनी?”

“लेक देल्ली हाय. येईनच.”

गेल्या. पिल्लू हडकलेले दिसले. उचलले आणि, “माहेरी चालली,” एवढे बोलून परतल्या.

तेव्हापासून ‘मांजरवाली’. बुवांनीच नाव ठेवले. प्रवचने मात्र पुढेही चालूच राहिली, त्याच न्यायावर, त्याच उपरण्यासह.

शास्त्राने ढोंगी धार्मिकाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे, मांजराचे व्रत धरणारा. हा मांजरीवर अन्याय आहे. ती उंदीर धरण्यापूर्वी प्रवचन करत नाही.

वडील गेल्यावर दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, म्हणाले, “आता देवघरात ये.” वहिनी म्हणाल्या, “इतक्या वर्षांत देवच बाहेर यायले शिकला, त्याले कायले परत कोंडता?”

गेल्या महिन्यात खाटेवरून त्यांनी मला एकच विचारले. “बाई, माह्यामागं ह्या कोठी जातीन?”

पाच मांजरी आहेत. म्हणून आज ओट्यावरच्या प्रत्येक शोकमग्नाला मी म्हटले, एक घेऊन जा.

एकाचा सोफा नवा आहे. एकीला ॲलर्जी आहे. सकाळी मांजर मांडीवर घेऊन फोटो काढताना ॲलर्जी नव्हती. बुवांचा नातू सर्वांत मोठा हार घेऊन आला होता. तो म्हणाला, “आजी, आमच्याकडे रोज पूजा असते ना.”

मी त्याला हार परत दिला.

पाचही माझ्याकडे आल्या आहेत. मी शहाऐंशी वर्षांची आहे, तेव्हा ही सोय फार दिवसांची नाही, हे मला कळते. ज्याला खरोखर न्यायची असेल त्याने यावे. घर पाहिल्याशिवाय देणार नाही.

बाकीच्यांनी ‘भावपूर्ण’ लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. श्रद्धा माझी, अंजली माझी. भाव आपापल्या घरी ठेवा.

वहिनी, त्या जेवल्या आहेत. तुम्ही निघा.