दुसरं इंजेक्शन

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे — हसू नका, मला अजून भीती वाटते.

नव्वदच्या दशकात मी नाशकात, द्वारका चौकाजवळच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. कडक म्हणून माझं नाव होतं. मला बघून नातेवाईक डबे लपवायचे! ऑपरेशननंतर लगेच पोटात काही गेलं की उलटी होते, म्हणून पेशंटला चोरून चहा पाजणाऱ्या किती आईबापांना मी झापलं असेल. तोच कडकपणा पुढे माझ्या कामी आला.

दुखणं थांबवायच्या इंजेक्शनने पेशंटला मळमळतं. म्हणून त्याच्या जोडीने, उलटी होऊ नये यासाठी दुसरं द्यायचं. ड्यूटी बदलायच्या आत पेशंटचा औषधांचा कागद पूर्ण लागायचा, त्यामुळे आम्ही दोन्ही 'दिली' असं आधी लिहून टाकायचो आणि मग सुई भरायचो. सगळ्याच तसं करायच्या. पण हे मी कशाला सांगते आहे? त्याने माझी चूक कमी होते का?

त्या दुपारी इगतपुरीकडची सुमन कळवळत होती. सकाळीच तिचं पित्ताशय काढलं होतं. मी दोन्ही इंजेक्शनं लिहिली, पहिलं दिलं. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली. दुसऱ्या इंजेक्शनची अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, मी एप्रनच्या खिशात टाकली आणि — विसरले.

अर्ध्या तासाने तिची आई किंचाळली. सुमन गुंगीत उताणी पडलेली, तोंडात उलटी, ओठ निळे. डॉक्टरांनी नळीने घसा साफ केला, पण उलटी छातीत गेली होती. चार दिवस ती ऑक्सिजनवर होती. जगेल की नाही, कुणी सांगेना.

"उलटीचं दिलं होतं ना?" डॉक्टरांनी त्याच दुपारी विचारलं. मी कागद पुढे केला. खिशातली अँप्यूल हाताला लागली, न फोडलेली. नोकरी जाईल, पोलीस येतील... आणि मी गर्रकन वळून तिच्या आईला विचारलं, "काय पाजलंत तिला?"

"काय नाय वो बाई, निस्तं कापसानं ओठ ओले केले."

तेवढं पुरलं. सगळे त्या म्हातारीवर तुटून पडले. जावयाने तिला वॉर्डाबाहेर काढलं. चार दिवस ती जिन्यात बसून होती, आणि मी रोज तिच्या शेजारून चढत-उतरत होते. एकदा तरी तोंड उघडता आलं नसतं का? आलं असतं. मी भ्याले.

सुमन वाचली. घरी निघताना तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले. "माझ्याच हातून पाणी लय झालं आसंल, बाई. पोर मारलीच असती मी."

पाणी जास्त झालं नव्हतं. दुसरं इंजेक्शन मी दिलंच नव्हतं. आणि मी तिला म्हणाले, "पुढच्या वेळी जपा."